पळीभर तेलाचा हिशेब

१९४२ सालची गोष्ट. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर होते. हिटलरच्या काळात जर्मनी सोडून आलेले. इंग्रजी बोलताना त्यांचा जर्मन हेल काही सुटत नसे. मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या, रक्तदाब भडकलेल्या रुग्णांना ते एक अजब पथ्य देत: भात, फळं, फळांचा रस आणि साखर. बस्स. मीठ नाही, तेल नाही, दूध नाही, डाळही नाही. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी स्निग्धांश आणि वीसेक ग्रॅम प्रथिनं. एवढं कडक पथ्य लांबवणं धोक्याचं, म्हणून त्यांनी तेहतीस वर्षांच्या एका रुग्ण बाईंना दोन आठवड्यांनी यायला सांगितलं. असं म्हणतात की त्या हेलामुळे बाईंनी ऐकलं ‘दोन महिने’.

दोन महिन्यांनी बाई उगवल्या तेव्हा त्यांचा रक्तदाब उतरला होता. डोळ्यांच्या पडद्यावरचे रक्तस्रावाचे डाग गेले होते आणि फुगलेलं हृदय एक्स-रेमध्ये लहान झालेलं दिसत होतं. रक्तदाबावर धड गोळी नव्हती त्या काळात! केम्पनर पुढे कित्येक वर्षं हेच पथ्य देत राहिले. १९७५ साली त्यांनी अतिस्थूल १०६ रुग्णांची हकिगत छापली. सरासरी प्रत्येकाचं ६३.९ किलो वजन उतरलं होतं. तेही पांढऱ्या भातावर आणि साखरेवर.

हे वाचून आज कुणालाही चक्रावल्यासारखं होईल, कारण भात आणि साखर हेच तर आजचे दोन मोठे आरोपी. शिवाय नेमकी उलटी औषधयोजनाही वैद्यकात आहे. १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी ‘कीटोजेनिक’ आहार सुचवला. त्यात लोणी-मलई भरपूर आणि भात-पाव जवळजवळ नाही. मुलांचे झटके त्याने कमी होतात आणि आजही, औषधांनी भागलं नाही तर, तो दिला जातो. वजनासाठी हा मार्ग त्याहून जुना आहे. लंडनमध्ये अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ साली पाव, साखर, बटाटा सोडून आपण कसे बारीक झालो याची पुस्तिका काढली. १९७२ साली डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांनी त्याच वाटेवर आपलं पुस्तक आणलं आणि ते तडाखेबंद खपलं. म्हणजे एक पंथ म्हणतो तूप सोड, दुसरा म्हणतो भात सोड, आणि दोन्हीकडे बारीक झालेली माणसं साक्षीला उभी.

मग खरं काय? हा प्रश्न मला डाएटच्या पुस्तकांपेक्षा नकाशावर जास्त रंगतदार वाटतो. ॲन्सल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ पासून सात देशांतल्या बारा हजारांहून अधिक मध्यमवयीन पुरुषांचा मागोवा घेतला. पूर्व फिनलंडमधल्या लाकूडतोड्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या आहारात ऊर्जेचा सुमारे ४० टक्के भाग स्निग्धांशातून येत होता आणि ही दणकट माणसं ऐन पन्नाशीत हृदयविकाराने जात होती. ग्रीसच्या क्रीट बेटावरही आकडा तोच, सुमारे ४० टक्के. पण तिथे हृदयविकार शोधावा लागत होता. फिनलंडमध्ये लोणी आणि सायीचं दूध होतं, क्रीटमध्ये ऑलिव्हचं तेल. आणि जपानच्या खेड्यांत स्निग्धांश जेमतेम दहा टक्के, तरी तिथलं चित्र क्रीटसारखंच चांगलं! दहा टक्केवाले आणि चाळीस टक्केवाले एकाच रांगेत, तर चाळीस टक्केवाल्यांतलेच दुसरे थेट दुसऱ्या टोकाला. नुसत्या टक्केवारीवर भांडणाऱ्यांनी हा एक तक्ता भिंतीवर लावावा.

कमी स्निग्धांशावर जगणाऱ्या समाजांची यादीही थक्क करणारी आहे. १९४९ साली जपानच्या ओकिनावा बेटांवर दोन तृतीयांशाहून जास्त ऊर्जा रताळ्यांतून येत होती आणि स्निग्धांशातून फक्त सहा टक्के. त्या पिढीतल्या शंभरी गाठलेल्यांवर पुढे ग्रंथ लिहिले गेले. मेक्सिकोच्या डोंगरात राहणारे ताराहुमारा मका आणि घेवड्यावर जगतात आणि धावण्यासाठी जगभर ओळखले जातात. त्यांच्या आहारात स्निग्धांश बारा टक्के. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेरा ताराहुमारांना पाच आठवडे सुखवस्तू अमेरिकन जेवण दिलं. घातक समजलं जाणारं एलडीएल कोलेस्टेरॉल ३९ टक्क्यांनी चढलं आणि वजन जवळपास चार किलोंनी. पाच आठवड्यांत! बोलिव्हियाच्या जंगलातले त्सिमाने लोक भात, केळी, मका, कसावा खातात, जोडीला मासे नि शिकार. स्निग्धांश चौदा टक्के. त्यांच्यातल्या सातशेहून अधिक प्रौढांच्या हृदयाच्या सीटी स्कॅनचे निकाल २०१७ मध्ये छापले गेले, त्यांत दहापैकी आठांहून जास्त जणांच्या रोहिण्यांत कॅल्शियमचा कणही सापडला नाही. अर्थात ही सगळी माणसं दिवसभर राबणारी आहेत. आपण त्यांचं ताट उचललं तरी त्यांचा दिवस उचलता येत नाही.

म्हणून शहरी, खुर्चीत बसणाऱ्या माणसांवरचे प्रयोग महत्त्वाचे. अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ३११ स्त्रियांमध्ये चार डाएटची झुंज लावली आणि २००७ साली निकाल छापला. ॲटकिन्सवाल्यांचं वर्षाला सरासरी ४.७ किलो उतरलं, अमेरिकन डॉक्टर डीन ऑर्निश यांच्या दहा टक्के स्निग्धांशाच्या शाकाहारावर २.२ किलो. ॲटकिन्सपंथीयांनी पेढे वाटले. पण ऑर्निश गटातल्या बायका दहा टक्क्यांच्या जवळपासही पोचल्या नव्हत्या. म्हणजे पुस्तकातला आहार एक आणि ताटातला दुसराच. मग गार्डनर यांनी ६०९ लोकांवर मोठा प्रयोग केला आणि दोन्ही गटांना एकच तंबी दिली: भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा टाळा, शक्यतो घरी रांधा. कॅलरी मोजायला सांगितलंच नाही. २०१८ साली निकाल आला. कमी स्निग्धांशवाल्यांचं वर्षात ५.३ किलो, कमी कर्बोदकंवाल्यांचं ६.० किलो. हा फरक दखल घ्यावी असा नाही. खरी गंमत सरासरीच्या आत दडली होती. दोन्ही गटांत कुणी पंचवीस किलोंहून जास्त उतरवले, तर कुणी वर्षभर तेच पथ्य करून सात-आठ किलो वाढवून बसलं. ‘तुमच्या जनुकांनुसार डाएट’ विकणाऱ्यांसाठी वाईट बातमी अशी की जनुकं तपासून कोणाला काय लागू पडेल हे या प्रयोगात सांगता आलं नाही.

आपल्याकडे २०१८ च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद घरोघरी रंगला होता, तो आठवत असेल. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा. ऋजुता दिवेकर म्हणतात थोडं-थोडं, वेळेवर, आपल्या मातीतलं खा आणि तुपाला घाबरू नका. लग्नाच्या पंगतीत दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते भेटत. या वादात घड्याळ होतं, परंपरा होती, इन्सुलिन होतं, पण पळी नव्हती. किती तेल, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. म्हणून तो इथे विचारू.

तेलाकडे संशयाने पाहण्याचं मूळ कारण एका खोलीत सापडतं. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर यांनी तांब्याचा पत्रा लावलेली, हवाबंद, कोठीएवढी खोली उभारली. माणूस तिच्यात अनेक दिवस राहायचा. तिथेच खायचा, झोपायचा, सायकलचं पायडल मारायचा. भिंतीतल्या नळ्यांमधून पाणी खेळत असे आणि ते किती तापलं यावरून त्या माणसाच्या अंगातून किती उष्णता निघाली ते कळे. त्या आणि इतर मोजणीतून आले ते आपल्या पाकिटांमागचे आकडे: एक ग्रॅम कर्बोदकांत चार कॅलरी, एक ग्रॅम प्रथिनांत चार, एक ग्रॅम तेल-तुपात नऊ. सव्वाशे वर्षं झाली तरी बिस्किटाच्या पुड्यावर हेच आकडे आहेत.

दुपटीहून जास्त. पण नऊपेक्षा महत्त्वाचं आहे ते तेलाचं पाण्याशी वैर. भात शिजताना दुप्पट-तिप्पट पाणी पितो, डाळ पिते, भाजी तर बहुतांश पाणीच असते. त्यामुळे शंभर ग्रॅम वरण-भातात शंभर-सव्वाशे कॅलरी भरतात. तेलात पाण्याचा थेंबही मावत नाही, शंभर ग्रॅममध्ये ९०० कॅलरी. पोट मात्र कॅलरी मोजायला फारसं शिकलेलं नाही. अमेरिकेतल्या बार्बरा रोल्स यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे की माणूस रोज साधारण तेवढ्याच वजनाचं, तेवढ्याच आकारमानाचं अन्न खातो. त्या आकारमानात कॅलरी किती कोंबल्या आहेत याचा पत्ता त्याला लागत नाही. १९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट यांनी ३८ पदार्थ कॅलरी सारख्या ठेवून लोकांना खायला दिले आणि कुठल्याने पोट जास्त भरतं ते तपासलं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर लोणी लावून भाजलेल्या क्रॉसाँला ४७ मिळाले. पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा, ३२३ गुण! तोच बटाटा तळून वेफर झाला की शंभर ग्रॅममागे पाचशेच्या वर कॅलरी. बटाटा बिचारा बदनाम झाला तो कढईमुळे.

यावर केव्हिन हॉल या संशोधकाच्या प्रयोगाने कळस चढवला. वीस माणसांना त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयातच चार आठवडे ठेवलं. दोन आठवडे ७५ टक्के स्निग्धांशाचं मांस-मासे-अंड्यांचं जेवण, दोन आठवडे दहा टक्के स्निग्धांशाचं वनस्पतींचं. कितीही खा. दोन्ही जेवणं सारखीच चविष्ट वाटली, भूकही सारखीच भागली, असं लोकांनी सांगितलं. तरी कमी स्निग्धांशाच्या काळात ते रोज ६८९ कॅलरी कमी खात होते, कुणी न सांगता. तेही रक्तातली साखर जास्त वरखाली होत असताना. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा ‘इन्सुलिन चढलं की भूक खवळते आणि माणूस लठ्ठ होतो’ या लाडक्या सिद्धांताला चांगलाच धक्का बसला.

कीटोवाल्यांचा काटा पहिल्या आठवड्यात झरझर उतरतो, त्याचंही उत्तर पाण्यातच आहे. यकृतात आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, असतं आणि प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. कर्बोदकं बंद झाली की साठा संपतो, पाणी बाहेर पडतं, काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. चरबीचा प्रवास वेगळाच आहे. दहा किलो चरबी ‘जळते’ तेव्हा जाते कुठे? तिची ऊर्जा किंवा उष्णता होते, असं बहुतेक डॉक्टरही सांगतात. रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या संशोधकांनी २०१४ साली अणू-अणूचा हिशेब मांडला: त्या दहा किलोंतले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाका-तोंडावाटे हवेत जातात, उरलेलं १.६ किलो पाणी होतं. बारीक झालेला माणूस अक्षरशः उच्छ्वासातून बारीक होतो.

एवढं सगळं कमी तेलाच्या बाजूचं असताना ‘लो-फॅट’ बदनाम का झालं? अमेरिकेत ४८,८३५ स्त्रियांवर आठ वर्षं चाललेल्या प्रयोगाचा निकाल २००६ साली आला. स्निग्धांश कमी केलेल्या गटात ना हृदयविकार लक्षणीय कमी झाला, ना स्तनाचा कर्करोग. उद्दिष्ट होतं २० टक्क्यांचं. पहिल्या वर्षी त्या २४ टक्क्यांवर आल्या, सहाव्या वर्षी पुन्हा २९ वर. त्याच काळात बाजाराने वेगळाच उद्योग केला. १९९२ साली नाबिस्को कंपनीने ‘स्नॅकवेल्स’ नावाची बिनचरबीची बिस्किटं आणली, लोकांनी डब्याच्या डबे फस्त केले. चरबी काढली, तिच्या जागी साखर आणि मैदा घातला आणि खाणाऱ्याच्या मनातली अपराधी भावना तेवढी नाहीशी झाली. आपल्याकडे दुकानातलं ‘लो-फॅट’ फळांचं गोड दही उलटवून मागचा तक्ता वाचा, तेच नाटक दिसेल. स्निग्धांश काढल्यावर रिकाम्या जागेत काय येतं यावर सगळं ठरतं. केम्पनरच्या रुग्णांच्या ताटात मीठही नव्हतं आणि चव नावाची गोष्टही. त्यामुळे साखर असूनही कुणी जास्त खाल्लं नाही, असा माझा अंदाज.

दुसऱ्या टोकाला जाऊन तेल पूर्ण बंद करावं का? १९२९ साली मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना सर्व जीवनसत्त्वं देऊन फक्त चरबी शून्य केली. उंदरांच्या कातडीला खवले आले, शेपट्या झडू लागल्या, मूत्रपिंडं बिघडली. काही थेंब लिनोलिक आम्ल दिल्यावर ते सावरले. हे आम्ल आणि त्याचं भावंड अल्फा-लिनोलेनिक आम्ल शरीराला घडवता येत नाही, खावंच लागतं. दुसरं, गाजर-पालकातलं रंगद्रव्य तेलात विरघळतं. आयोवातल्या एका छोट्या प्रयोगात बिनतेलाच्या सॅलडमधून कॅरोटीन जवळपास शोषलंच गेलं नाही, थोडं तेल घालताच ते रक्तात दिसू लागलं. आपल्या कोशिंबिरीवर हिंग-मोहरीची फोडणी घालणाऱ्या बाईला हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि तिसरी गोष्ट पित्ताशयाची. जेवणात स्निग्धांश आला की ही पिशवी आकुंचन पावून पित्त सोडते. आठवडेच्या आठवडे स्निग्धांश नाही आणि वजन मात्र भराभर उतरतंय, असं झालं की पित्त आत साचून त्याचे खडे होतात.

योजना आखण्याआधी आणखी एक गोष्ट, आणि ती पुण्याची. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळंही अशीच निघाली: सरासरी २.७ किलोंची, इंग्रज बाळांपेक्षा पाऊण किलोने हलकी, पण ती तूट स्नायूंत, चरबीत फारशी नाही. बारीक दिसणारे आपण आतून चरबीदार असतो. अशा शरीरात पांढरा भात, मैदा, साखर यांचा मारा झाला की रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, चढतात आणि पोटाचा घेर वाढतो. म्हणून तेल कमी करून त्या जागी भात वाढवणं, ही युक्ती त्सिमाने लोकांना चालली तरी पुणे-नाशिक-नागपूरच्या खुर्चीवर बसणाऱ्याला चालणार नाही.

तर आता हिशेब. अठराशे कॅलरीचा दिवस धरू. ऑर्निश आणि त्यांच्या आधीचे नेथन प्रिटिकिन यांची दहा टक्क्यांची मर्यादा म्हणजे वीस ग्रॅम स्निग्धांश. (प्रिटिकिन हे डॉक्टर नव्हते. स्वतःच्या हृदयविकारावर इलाज शोधता शोधता ते आहारगुरू झाले. १९८५ मध्ये ते गेले तेव्हा शवविच्छेदनात त्यांच्या रोहिण्या जवळपास स्वच्छ निघाल्या आणि ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.) आता आपलं ताट पाहू, तेलाचा थेंब न घालता. ज्वारी-गहू-तांदूळ मिळून सव्वादोनशे ग्रॅम धान्य: स्निग्धांश चारेक ग्रॅम. तूर-मूग-मटकी मिळून ऐंशी ग्रॅम: एक-दीड. भाज्या आणि फळं: दोनेक. गाईचं दूध, दही, ताक मिळून तीनशे मिली दुधाएवढं: अकरा. झाले की अठरा-एकोणीस! म्हणजे ऑर्निशांच्या मर्यादेत फोडणीचं पातेलं चढवायलाच जागा नाही. दहा टक्क्यांचा आहार मराठी घरात का टिकत नाही ते या बेरजेत कळतं.

मी म्हणेन वीस टक्के धरा, चाळीस ग्रॅम. वर उरले एकवीस-बावीस. त्यात चहाचे तीन चमचे तेल, म्हणजे साडेतेरा ग्रॅम. दोन चमचे जवसाची चटणी, दोन ग्रॅम, तीत ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल ग्रॅमभर मिळतं, दिवसाची बरीचशी गरज भागते. आणि दहा-बारा शेंगदाण्यांएवढं कूट, पाच ग्रॅम. संपलं बजेट. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या ताटाला तेल सत्तावीस ग्रॅम आहे, त्याच्या हे निम्मं. म्हशीचं दूध वापरलंत तर तीनशे मिलीमागे दहा ग्रॅम जादा जातात, म्हणजे दोन चमचे तेल न वापरताच उडालं. बऱ्याच घरांत ‘आम्ही तेल फार वापरत नाही’ म्हणणाऱ्यांचं गणित इथेच फसतं.

रोज मोजत बसायचं नाही. चार माणसांच्या घरात या मापाने महिन्याला पावणेदोन लिटर तेल लागतं. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर ताट कितीही साधं दिसो, ते लो-फॅट नाही. धान्यात निम्मी ज्वारी, बाजरी, नाचणी ठेवायची, डाळ-उसळ दोन्ही वेळा, आणि भाजी भाकरीहून जास्त. भाकरीची एक थोरवी आवर्जून सांगायला हवी: ती थापायला पाणी लागतं, पोळीला तेल लागतं. घडीच्या चार पोळ्यांत आतून-बाहेरून लावलेलं तेल सहज दोन-तीन चमचे होतं.

आता ते तीन चमचे कुठे खर्च करायचे? फोडणीचं शास्त्र इथे मदतीला येतं. पाणी शंभर अंशांवर उकळून थांबतं, तेल पावणेदोनशेच्या पलीकडे जातं. त्या तापात मोहरी तडतडते, जिरं खमंग होतं, हिंगाचा उग्रपणा जाऊन वास उरतो. हे सुगंधी रेणू पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात. हळदीचा पिवळा, मिरचीचा लाल आणि तिखटपणा देणारं कॅप्सेसिनही तेलातच विरघळतं. म्हणून तर मिसळीची तर्री लाल असते, आणि पाण्याहून हलकी असल्याने वर तरंगते. म्हणजे जिभेला चव पोचवण्याचं काम थोड्याशा तेलाचं, बाकीचं तेल नुसतं भरताड. पातेल्यात आधी दोन पळ्या ओतून भाजी परतली तर सुगंधाचा बराच भाग शिजताशिजता वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो. तीच भाजी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवावी, वरण आधी घोटून घ्यावं आणि एक चमचा कडकडीत फोडणी शेवटी वरून ओतून लगेच झाकावं. एका चमच्यात चौघांना पुरेल एवढा वास. कांदा-खोबरं तेलात परतण्याऐवजी कांदा थेट विस्तवावर भाजावा, मसाले कोरडे भाजावेत. कोथिंबीरवडी आणि अळूवडी वाफवून थांबवली तर सुंदर लागते, कढईपर्यंत नेण्याचा आग्रह आपला.

ओल्या नारळात तेहतीस टक्के स्निग्धांश असतो, शेंगदाण्यात निम्मा, तिळातही तेवढाच. हे पदार्थ सोडायचे नाहीत, पण हे तेलच आहे हे धरून चालायचं. कोकणी माणसाने नारळ घातला त्या दिवशी तेल अर्धं, एवढं पुरे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा घरात गरोदर बाई, लहान मूल असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावं. आणि तीन महिन्यांनी रक्त तपासून ट्रायग्लिसराइड पाहावेत. ते चढले असतील तर दोष भात-साखरेकडे शोधावा.

राहता राहिला उपवास. ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्याने बहुधा साबुदाण्याची खिचडीच पाहिली असावी. साबुदाण्यात स्वतःचा स्निग्धांश जवळपास शून्य. त्यावर मूठभर कूट म्हणजे वीस ग्रॅम, आणि पळीभर तूप म्हणजे तेरा. एका प्लेटमध्ये तेहतीस, दिवसाच्या चाळिसांतले! उपवास हा आठवड्यातला सर्वांत तेलकट दिवस ठरतो. त्याऐवजी उकडलेलं रताळं घ्या, त्यावर जिऱ्याची पूड आणि मीठ, सोबत गाईच्या दुधाचं पातळ ताक, आणि वरईचा भात घेतलात तर त्यावर अर्धा चमचा तुपाची जिरं-मिरचीची फोडणी. पाच-सहा ग्रॅममध्ये जेवण होतं, आणि पोटही संध्याकाळपर्यंत हाक मारत नाही.